श्वास कोणाचा, हे आधी पाहा

‘सिस्टर, बाबांना मशीनवर ठेवलं म्हणजे आता काही उरलं नाही ना?’ अतिदक्षता विभागात नोकरी करताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. विचारणारी माणसे बहुधा कर्ज काढून आलेली असतात. म्हणून उत्तर नीट द्यावे लागते.

व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही. औषध लागू पडेपर्यंत तो श्वासाचे कष्ट उचलतो. किती उचलायचे, ते ‘मोड’वर ठरते.

सुरुवातीला बहुधा ‘असिस्ट कंट्रोल’ असतो. मिनिटाला कमीत कमी किती श्वास आणि एका श्वासात किती हवा, हे लावलेले असते. रुग्णाने स्वतः श्वास ओढला, तर मशीन तोही तेवढ्याच हवेने पुरा करते. हवेचे माप उंचीवरून काढतात. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसे मोठी होत नाहीत. फुप्फुसे फार सुजलेली असतील, तर उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्याने जास्त जीव वाचतात, हे २००० साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. ‘प्रेशर कंट्रोल’मध्ये दाब ठरलेला असतो. तिथे नळीत कफ साचला की आत जाणारी हवा घटते. म्हणून परिचारिकेचा डोळा त्या आकड्यावर हवा.

एका आजोबांना न्यूमोनिया झाला होता. चौथ्या दिवशी मुलगा म्हणाला, ‘घरी नेतो, घरीच जाऊ दे.’ मी त्याला मशीनजवळ नेले. १४ श्वास लावलेले होते, स्क्रीनवर २० दिसत होते. नळीत पाणी साचले तरी असे खोटे श्वास दिसतात. ते मी आधी तपासले होते. म्हटले, ‘दादा, हे वरचे सहा तुमच्या बाबांनी स्वतः मागितलेत.’ डॉक्टरांनीही येऊन समजावले. मुलगा थांबला. पुढे ‘प्रेशर सपोर्ट’ लावला. त्यात प्रत्येक श्वास रुग्णच सुरू करतो, मशीन नुसता हात देते. नवव्या दिवशी नळी निघाली.

सगळेच असे परत येत नाहीत. पण मशीन लागले, एवढ्यावरूनच निकाल लावू नका. विचारा: मोड कोणता आहे? ऑक्सिजन किती टक्के चालू आहे? कालच्यापेक्षा कमी झाला का? हे विचारण्यात संकोच कसला? आणि रुग्णाशी बोला. नळी स्वरयंत्रातून गेलेली असल्याने त्याला बोलता येत नाही. तुमचे बोलणे मात्र त्याला ऐकू येत असू शकते.