शाळेतले ऑस्कर

नया बाजारातल्या आमच्या शाळेत, कार्यालयाबाहेर काचेची एक मोठी टाकी आहे. तीत तीन ऑस्कर मासे होते. हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन खोऱ्यातले. चांगले फूटभर वाढतात. गेल्या श्रावणात दोघांनी सपाट दगड तोंडाने घासून स्वच्छ केला व त्यावर शेकडो अंडी घातली. शाळाभर आनंद झाला! पण अंड्यांची राखण करणारी जोडी इतर माशांवर धावून जाते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. तिसरा मासा आम्ही वेगळा केला नाही. सोमवारी तो मेलेला आढळला. चूक आमचीच.

मग आम्ही शिकलो. नळाचे पाणी क्लोरीन उडून जावे म्हणून दिवसभर उघडे ठेवायचे, आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे. आई-बाप परांनी अंड्यांवर पाणी खेळवत राहिले. तीन-चार दिवसांत पिले निघाली.

आता ती ठेवायची कुठे? एक विद्यार्थी म्हणाला, "सर, तिघरा धरणात सोडू या." आम्ही नाही म्हटले. परका मासा इथल्या माशांची पिले खातो. अशाच कारणाने सन २००० मध्ये सरकारने थाई मांगूर पाळण्यावर बंदी घातली.

पालकहो, घरी निदान दोनशे-अडीचशे लिटरची टाकी असेल, त्यांनीच एखादे पिलू न्यावे. आम्ही जोडीच्या मध्ये काच लावली आहे. जीव घरात आणण्यापूर्वी त्याची पूर्ण माहिती घ्यावी, हे आम्ही एक मासा गमावून शिकलो. विद्यार्थ्यांनो, तुम्ही आधीच शिका.