गच्चीवरचा ऑर्ग चार्ट

ऑफिसात रीस्ट्रक्चरिंगचा मेल आलाय? नव्या चार्टमध्ये तुमच्या डोक्यावर आणखी दोन बॉस बसलेत? मग या शनिवारी मॉलला दांडी मारा आणि गिरगाव गाठा. लोकलने चर्नी रोड, नाहीतर मेट्रो ३ने थेट गिरगाव. ठाकूरद्वारला मिसळ चापून गल्ल्यांमध्ये शिरलात, की लाकडी गॅलऱ्या, दोरीवरचे कपडे, जिन्यातल्या गप्पा असा जुना माहोल भेटतो. मान वर करा आणि गच्च्या बघा. कारण मॅनेजमेंटचा एक झक्कास फंडा अशाच एका गच्चीवर जन्मलाय!

१५ मार्च १९५९. लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती जवळच्या भुलेश्वरमधल्या ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. हाच आपला लिज्जत पापड!

गंमत म्हणजे, यांचं स्ट्रक्चर कुठल्या कन्सल्टंटने आखलेलं नाही. अडचण आली, तसं ते घडत गेलं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी खाट आणली. वर पापड, खाली स्टोव्ह! तिसऱ्या वर्षी बायका तीनशेच्या वर गेल्या आणि गच्ची पुरेना. मग पीठ मळायचं एका जागी, लाटायचं आपापल्या घरी, असं ठरलं. वर्क फ्रॉम होम म्हणतात ते हेच की!

आजही गाडी त्याच रुळावर आहे. सकाळी शाखेत यायचं, कालचे पापड द्यायचे, मजुरी घ्यायची, नवं पीठ घेऊन घरी. प्रत्येक सभासद बहीण मालकीण. नफा-तोटा वाटून घ्यायचा. शाखेची संचालिका बहिणींमधूनच येते, वर २१ जणींची समिती. पुरुष नोकरीला असतात, पण मालकीत त्यांना वाटा नाही. आज ४५ हजारांच्या आसपास बहिणी या रचनेत आहेत.

म्हणजे बॉस नकोच? थांबा! इथे सैलपणा अजिबात नाही. पापड जाड झाला, नीट वाळला नाही, तर परत. कच्चा माल मध्यवर्ती ठिकाणाहूनच येतो, म्हणून चव सगळीकडे सारखी. लाटायला देखरेख लागत नाही, कारण काम सगळ्यांना येतं आणि चुकलं की लगेच दिसतं. तुमच्या टीममध्ये एक जण कोडिंग करतो, दुसरी क्लायंट सांभाळते. तिथे हा साचा जसाच्या तसा बसणार नाही. पण एक प्रश्न मात्र सोमवारी मीटिंगमध्ये जरूर विचारा: चार्टमधला हा नवा चौकोन नेमकी कुठली अडचण सोडवतोय? गच्चीवरच्या बायकांकडे प्रत्येक वेळी याचं उत्तर होतं.

जाता जाता : या इमारतींमध्ये लोक राहतात, तेव्हा गच्चीवर घुसखोरी नको. त्यापेक्षा पुढे भुलेश्वरपर्यंत पायी जा. लिज्जतचं पहिलं गिऱ्हाईक तिथलंच. येताना उडदाचं एक पाकीट घ्या आणि सोमवारच्या डब्यात न्या. चर्चा कुरकुरीत होईल!