डर्ट बाईक, थरथरणारं हँडल आणि बधिर होणारी बोटं



पावसाळा ओसरून मातीचे रस्ते वाळायला लागले की माझ्या सोमवारच्या ओपीडीत एक ठरावीक पेशंट दिसायला लागतो. तिशी-चाळिशीचा, तब्येतीने धडधाकट, हात ग्लोव्हजच्या रेषेपर्यंत रापलेले. "डॉक्टर, काल मुळशीच्या पलीकडे बाईक घेऊन गेलो होतो. बोटांना अजून मुंग्या येताहेत." शेजारी बसलेली बायको लगेच म्हणते, "यांना सांगा ना, ती बाईक विकून टाका म्हणून."

मी तसं सांगत नाही. मी हातांचा सर्जन आहे, आणि हौसेपुरती बाईक मीही चालवतो. २०१६ मध्ये हिमालयन आली, २०१९ मध्ये एक्सपल्स आली, आणि कच्च्या रस्त्यावर जाण्याची हौस मोजक्या लोकांपुरती राहिली नाही. हौस चांगलीच आहे. पण "बाईकवर हात बधिर होणारच, त्यात काय" हे वाक्य मला फार ऐकू येतं, आणि ते मला मान्य नाही. बधिरपणा म्हणजे नस तक्रार करते आहे. ती कशाबद्दल तक्रार करते आहे ते शोधता येतं, आणि बऱ्याचदा ते पान्याने दुरुस्तही करता येतं.

पहिली गोष्ट म्हणजे "हात बधिर होतो" एवढं सांगून मला काही कळत नाही. कोणती बोटं? पुढच्या वेळी मुंग्या आल्या की बाईक बाजूला लावा, ग्लोव्हज काढा आणि जिथे बधिर वाटतंय तिथे पेनाने रेघ ओढा. फोटो काढून ठेवा. हा फोटो अर्धं निदान असतो.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू बधिर होत असेल, तर संशय मीडियन नर्व्हवर. ही नस मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते. त्याच बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, जातात. मूठ घट्ट आवळली की या दोऱ्या ताणल्या जातात, मनगट वर किंवा खाली मोडलं की बोगद्यातला दाब वाढतो, आणि मधल्या मध्ये नस चेपली जाते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू बधिर होत असेल, तर ती अल्नर नर्व्ह. ती तळहाताच्या करंगळीकडच्या फुगीर भागाखालून, म्हणजे नेमकी जिथे आपण हँडलवर भार टाकतो तिथून जाते. सायकलवाल्यांमध्ये हा त्रास इतका ओळखीचा आहे की इंग्रजीत त्याला हँडलबारचंच नाव दिलंय. हीच नस कोपराच्या मागूनही जाते, त्यामुळे गडबड कधी कधी तिथे असते.

आणि पाचही बोटं बधिर, वर मान दुखतेय, हात खांद्यापासून जड वाटतोय, तर हँडलला दोष देण्याआधी मान तपासायला हवी.

आता कंपाकडे येऊ. हँडलमधून दोन वेगळ्या गोष्टी हातात येतात. एक इंजिनाची बारीक झिणझिण. एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० धक्के झाले. आत बॅलन्सर असला तरी ते पूर्ण पुसले जात नाहीत. ही बारीक थरथर बहुतेक बोटांत आणि तळहातातच जिरते. दुसरे म्हणजे दगड-खड्ड्यांचे मोठे, संथ हिसके. ते मनगट, कोपर, खांद्यापर्यंत चढतात. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. लोक इथेच पैसे वाया घालवतात: त्रास हिसक्यांचा असतो आणि ते महागड्या मऊ ग्रिप घेतात.

पण कंपापेक्षाही मोठा गुन्हेगार बहुतेकांच्या बाबतीत एकच असतो, तो म्हणजे स्वतःची मूठ. स्नायूला किंवा त्याच्या दोरीला कंप दिला की स्नायू आपोआप आकसतो, हे शरीरशास्त्रात पक्कं माहीत आहे. म्हणजे हँडल थरथरतं म्हणून मूठ न सांगता घट्ट होते. मूठ जितकी घट्ट, तितका कंप हातात जास्त शिरतो. थोड्या वेळाने बोटांची जाणीव कमी होते. जाणीव कमी झाली की पकड सुटेल या भीतीने आपण आणखी आवळतो. हे चक्र तासभर चाललं की उतरल्यावर हेल्मेटचा पट्टाही सोडवता येत नाही.

म्हणून भार हातांवरून काढायला शिका. कच्च्या रस्त्यावर फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी दाबायची, कमरेतून थोडं पुढे झुकायचं. बाईक पायांनी आणि गुडघ्यांनी धरायची. हात फक्त दिशा, क्लच, ब्रेक आणि रेस एवढ्यासाठी. हँडल कसं धरायचं? लहान मुलाचं बोट धरून रस्ता ओलांडतो तसं. सुटणार नाही, पण त्याला दुखणारही नाही. क्लच-ब्रेकवर एक किंवा दोन बोटं पुरतात. सपाट, मोकळ्या तुकड्यावर स्वतःला विचारा, "आत्ता मूठ किती आवळली आहे?" उत्तराने तुम्हीच चकित व्हाल.

आणि लिव्हरचा कोन. याबद्दल मी जरा हट्टी आहे. शोरूममधून आलेल्या बाईकचे क्लच-ब्रेकचे लिव्हर बसून चालवणाऱ्याच्या हिशोबाने लावलेले असतात. तुम्ही उभे राहिलात की हात वरून येतो, आणि लिव्हरवर बोटं ठेवायला मनगट मागे मोडावं लागतं. दिवसभर मोडलेलं मनगट म्हणजे दिवसभर चेपलेली नस. बाईक स्टँडवर घ्या, कुणाला तरी पुढून धरायला सांगा, फूटरेस्टवर उभे राहा, डोळे मिटून हात सहज हँडलवर ठेवा आणि लिव्हरवर बोटं टाका. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेष यायला हवी. नसेल, तर लिव्हरचा क्लँप सैल करून तो थोडा खाली फिरवा, पुन्हा बघा, मग घट्ट करा. बसूनही चालवून बघा, कारण फार खाली केलेला लिव्हर बसल्यावर त्रास देतो. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. क्लच जड लागत असेल तर केबलला तेल द्या किंवा ती बदला; डावा अंगठा बधिर होणाऱ्या कित्येकांचं कारण एवढंच असतं.

उजव्या हाताचं दुखणं रेसचं. मनगट खाली पाडून रेस ओढली की ते दर वेळी मोडतं. गोल मूठ असलेलं दार उघडताना आपण ती जशी थोडी तिरकी, बाहेरून धरतो, तशी ग्रिप धरा. कोपर आपोआप बाहेर येतं आणि रेस ओढल्यावरही मनगट सरळ राहतं.

मग गॅरेजची पाळी. साधी परीक्षा अशी: बाईक मोकळ्या जागेत स्टँडवर, न्यूट्रलमध्ये सुरू करून हळूहळू रेस वाढवा. ठरावीक ठिकाणी हँडल झिणझिणायला लागलं तर ते इंजिनाकडून येतंय. मेकॅनिकला फाउंडेशन बोल्ट तपासायला सांगा, हँडलच्या टोकाची वजनं जागेवर आहेत का बघा. दिसायला छान म्हणून ती काढून टाकणारे मी पाहिलेत. ती शोभेची नसतात. हँडल ज्या वेगाला झिणझिणतं तो वेग ती बदलतात. हँडलच्या क्लँपखाली रबर असलेली बाईक असेल तर ते रबर कडक झालंय का पाहा. उभ्या बाईकवर हँडल शांत आणि रस्त्यावर त्रास, तर कोनसेट, पुढचे शॉकअप, आऊट झालेलं चाक, सैल स्पोक आणि टायरची हवा. कच्च्या रस्त्यावर हवा थोडी कमी ठेवली की हिसके चांगलेच मऊ होतात. पण ट्यूबचा टायर असेल तर फार कमी करू नका, दगडावर आपटून ट्यूब चिमटते. डांबरी रस्ता लागला की परत भरा. छोटा पंप सोबत हवाच.

ग्लोव्हजबद्दल थोडक्यात: मापाचे घ्या. कंप कमी करणारे म्हणून विकले जाणारे जाड ग्लोव्हज बारीक झिणझिण थोडी कमी करतात, खड्ड्यांच्या हिसक्यांवर त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि जाडीमुळे मूठ जास्त आवळावी लागते. ग्रिपवर चढवायच्या फोमचंही तेच, विशेषतः हात लहान असेल तर. मनगटाचा पट्टा आवळून बांधू नका. २०२१ मध्ये अ‍ॅपलने सांगितलं होतं की मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपाने आयफोनच्या कॅमेऱ्याचं काम बिघडू शकतं. त्यानंतर माझ्या ओळखीच्या कित्येकांनी फोनसाठी रबरी बूच असलेला स्टँड घेतला. त्यांच्यातल्या किती जणांनी लिव्हर फिरवला, ते विचारू नका.

आता एका पेशंटबद्दल सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चौतीस वर्षांचा मुलगा, स्पितीला अकरा दिवसांची ट्रिप. चौथ्या दिवशी उजवी करंगळी बधिर झाली. त्याने रोज संध्याकाळी वेदनाशामक गोळी घेतली आणि ट्रिप पूर्ण केली. परत आल्यावर बधिरपणा होताच. मित्राच्या सांगण्यावरून बी-१२ ची इंजेक्शनं घेतली. तीन महिन्यांनी माझ्याकडे आला तो वेगळ्याच तक्रारीसाठी: बाईकची किल्ली फिरवताना चिमटीत जोर येत नव्हता. मी त्याला अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरायला सांगून ओढला. कागद टिकवायला त्याचा अंगठा टोकाशी वाकला. हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग बसून खळगा झाला होता. अल्नर नर्व्ह स्नायूंपर्यंत संदेश पोहोचवेनाशी झाली की असं होतं.

बी-१२ कमी असेल तर ते घ्यायलाच हवं. शाकाहारी माणसांत ते बऱ्याचदा कमी असतं, म्हणून तपासून घ्या. पण चेपलेल्या नसेवरचं चेपण इंजेक्शनने निघत नाही. आणि आतला तंतू तुटला तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. त्या मुलाने बाईक बंद ठेवली, व्यायाम केले, वर्षभराने बराचसा जोर परत आला. शर्टाची वरची गुंडी लावायला त्याला अजून वेळ लागतो. पाचव्या दिवशी थांबला असता तर हे टळायची शक्यता बरीच होती.

याच्या उलट, बँकेत काम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. महिन्यातून एकदा ट्रेलला जायच्या, पण मुंग्यांनी जाग यायची रात्री, घरी, पहाटे तीनला. हात झटकला की बरं वाटायचं. हे मनगटातल्या बोगद्याचं ठळक लक्षण आहे. तपासणीत साखर वाढलेली निघाली. मधुमेह आणि थायरॉइडमध्ये नस आधीच नाजूक असते, बाईक फक्त निमित्त होते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि साखरेवर नियंत्रण, एवढ्यावर त्यांचं भागलं. ऑपरेशन लागलं नाही.

बोटं पांढरीफटक पडण्याबद्दलही सांगायला हवं. १९१८ मध्ये अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरांनी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या दगड कोरणाऱ्या कामगारांचे हात तपासले होते. हवेवर चालणारी हत्यारं वापरणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडत होती. हा त्रास कंप किती आणि किती तास, यावर ठरतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमांत कामगारांसाठी त्याची आठ तासांची मर्यादाही घातलेली आहे. फक्त रविवारी बाईक चालवणाऱ्याला याची फार भीती नाही. पण आठवडाभर ग्राइंडर किंवा ब्रेकर चालवून रविवारी ट्रेलला जाणाऱ्याने दोन्ही तास एकत्र मोजावेत. आणि सिगारेट सोडावी, रक्तवाहिन्या तीही आकसवते.

उतरल्यावर अर्ध्या-एक तासात मुंग्या गेल्या, तर वरचे बदल करा, पाऊण तासाला थांबा, हात मोकळे करा. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला, रात्री जाग आली, हातातून वस्तू पडायला लागल्या, गुंडी-किल्ली जमेना, किंवा बोटं पांढरी पडली, तर वाट बघू नका. पडल्यानंतर मनगट सुजलंय आणि बोटं बधिर, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

येताना पेनाच्या रेघांचा तो फोटो आणा. सोबत एक व्हिडिओही: कुणाला तरी बाजूने काढायला सांगा, तुम्ही फूटरेस्टवर उभे, हात हँडलवर, बोटं लिव्हरवर. नस तपासण्याची मशीनची टेस्ट लागली तर आपण नंतर करू. आधी मला तुमचं मनगट बघायचंय.