चार कापांसाठी एक यंत्र

स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीवरील टाइल्स गेल्या पावसाळ्यात सुटल्या आणि नव्या टाइल्स आपणच बसवाव्यात असे मनाने घेतले. काम तसे लहानच. १० फूट लांब, २ फूट उंच पट्टा. १२ बाय १८ इंची टाइल आडवी लावली तर दोन ओळी होतात. प्रत्येक ओळीत सहा अखंड टाइल्स आणि सातवी १२ इंचांवर कापलेली. शिवाय दोन स्विचबोर्डांपाशी खाचा. म्हणजे दोन सरळ काप आणि दोन खाचा, एवढाच हिशेब. त्यासाठी स्वस्तातले कोणते यंत्र घ्यावे, हे विचारायला मी पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीत गेलो. माझे वडील, अण्णा, हयातभर गवंडीकाम करीत होते. त्यामुळे हा प्रश्न परक्या माणसाला विचारताना थोडी लाज वाटली, हे कबूल करतो.

दुकानदाराने आधी हातकटर दाखवला. त्याला वीज लागत नाही. दोन दांड्यांवर सरकणारी मूठ आणि तिच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचे इवलेसे चाक. काच कापताना ओढतात तशी टाइलच्या झिलईवर एक रेघ ओढायची, मग मूठ दाबून टाइल त्या रेघेवर मोडायची. किंमत अडीच हजारांच्या आत, आवाज नाही, धूळ जवळजवळ नाहीच. पण तो आरपार सरळ रेषेखेरीज काही जाणत नाही. खाच पाडता येत नाही, आणि अर्ध्या इंचाची पट्टी काढायला गेलात तर ती हमखास वेडीवाकडी फुटते. दुसऱ्या टोकाला टेबलावरची करवत होती: खाली पाण्याचे तबक आणि त्यात भिजत फिरणारी चक्ती. तिचा काप देखणा, किंमत पंधरा हजारांच्या पुढे. चौदा टाइल्ससाठी ती घेणे म्हणजे एक निबंध प्रसिद्ध करण्यासाठी छापखाना काढणे.

"सर, सगळे मिस्त्री हाच नेतात," असे म्हणून त्याने तिसरी वस्तू पुढे सरकवली. मार्बल कटर. किंमत तीन हजारांच्या आसपास, चक्ती ११० मिलिमीटर व्यासाची, फेरे मिनिटाला १२ ते १३ हजार. गणित केले तर चक्तीची कड ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. ते यंत्र हातात घेताच वजनासकट ओळखीचे वाटले. अण्णांच्या पिशवीत थापी, ओळंबा, गुण्या आणि छिन्नी यांच्याबरोबर शेवटची काही वर्षे हेच असे.

या चक्तीला दात नसतात. धातूत मिसळलेले हिऱ्याचे बारीक कण तिच्या कडेला असतात. ते फरशी कापत नाहीत, झिजवतात. चक्ती बोथट झाली की अण्णा ती चार-सहा वेळा कच्च्या विटेवर चालवीत. विटेने हिऱ्याला धार कशी येणार, असे मला लहानपणी वाटे. विटेने झिजतो तो हिऱ्यांना धरून ठेवणारा धातू, आणि आतले नवे कण उघडे पडतात, हे फार उशिरा कळले. चक्तीचेही प्रकार आहेत. खाचांच्या कडेची चक्ती दगडाला नि काँक्रीटला बरी. टाइलला अखंड कडेची हवी, नाहीतर झिलईचे टवके उडतात. यंत्राबरोबर फुकट मिळत होती ती खाचांची. पैसे वाचवायचेच असतील तर यंत्रात वाचवावेत, चक्तीत नव्हे.

आणि पाणी. फरशी झिजते म्हणजे तिची भुकटी होते, आणि त्या भुकटीत स्फटिकरूप सिलिका असते. दिसते ती धूळ त्यातल्या त्यात बरी. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात ते कण डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि तोंडाला बांधलेल्या पंचाला ते अडत नाहीत. कापताना चक्तीवर पाणी पडत राहिले तर बहुतेक भुकटी चिखल होऊन खाली बसते. उपाय इतका साधा आहे. पण मिस्त्री कोरडेच कापतात, कारण घरमालकाला घरात चिखल नको असतो.

अण्णांचा खोकला २००३ साली सुरू झाला. क्षयाची औषधे दोनदा पूर्ण झाली. एक्स-रेत ठिपके दिसत, आणि गरीब माणसाच्या एक्स-रेतील ठिपके म्हणजे क्षयच, असे गृहीत धरले जाई. "काम काय करायचा तुम्ही?" हे तिसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले. सिलिकोसिसवर बरे करणारे औषध नाही. २००९ साली अण्णा गेले.

आपल्यापैकी अनेकांनी पहिले अक्षर पाटीवर गिरवले. पाटीवरच्या त्या पेन्सिली मध्य प्रदेशातील मंदसौरला होत असत. १९८०च्या दशकात तिथल्या कामगारांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा ऐन उमेदीतल्या अनेक माणसांना हाच रोग जडलेला आढळला. हे मी वर्गात सांगतो. नारायण सुर्वे शिकवताना तर हमखास सांगतो, आणि वर्ग गंभीर होतो.

मात्र एक गोष्ट मी वर्गात कधी सांगितलेली नाही. २०१४ साली आमच्या फ्लॅटमध्ये फरशी बसवली, तेव्हा माझी पुस्तके हॉलमध्ये रचून ठेवलेली होती. मिस्त्री पाण्याची बाटली घेऊन कापायला बसला. मी म्हणालो, "दादा, पाणी नको, पुस्तकं भिजतील. बाल्कनीत कोरडंच कापा." त्याने "बरं सर" म्हटले आणि तोंडाला रुमाल बांधला. अण्णांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. मला सगळे ठाऊक होते. दरवाजा लावून घेतला तोही मीच, पुस्तकांवर धूळ बसू नये म्हणून.

दुकानात हे आठवले आणि बराच वेळ काही ठरेना. अखेर हातकटर दिवसाच्या भाड्याने घेतला, सरळ कापांसाठी. खाचांसाठी मार्बल कटर विकत घेतला. सोबत अखंड कडेची चक्ती, एन-९५ मुखपट्टी आणि कानात घालायचे बोळे. पाणी आणि वीज एकत्र येणार म्हणून इलेक्ट्रिशियनकडून ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घेतले. सगळे मिळून यंत्राच्या दीडपट खर्च झाला. "स्वस्तातले" हा शब्द मी दुकानात पुन्हा उच्चारला नाही.

रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या अंगणात बसलो. मुलाने बाटलीच्या झाकणाला भोक पाडून चक्तीवर पाण्याची धार धरली. हात थरथरत होता. पहिली खाच तिरपी गेली, पण ती स्विचबोर्डाच्या प्लेटखाली झाकली जाईल. दुसरी बरी आली. खाली ठेवलेल्या घमेल्यात पाणी दुधासारखे झाले होते. संध्याकाळपर्यंत ते निवळले आणि तळाशी करडा, पिठासारखा मऊ गाळ बसला, मूठभर. तो मोरीत ओतला तर पाइप तुंबतो, असे अण्णा सांगत. वर्तमानपत्रावर वाळत घालून मग टाकला.