पहिला व्हॉल्व्ह

अखेर आज गिटारच्या ॲम्प्लिफायरचा खर्ज मनासारखा लागला. आवाज चढवला की जाड तारेचे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ व्हायचे. पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवर २५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर होता. तो खर्ज जराही न कापता पूर्ण वाढवतो. तो काढून ०.६८चा बसवला. सोल्डर चकाकत पसरलं आणि क्षणात थिजलं. मग जाड तार छेडली. स्वराला कड आली होती! एवढासा भाग, पण पुढचे सगळे टप्पे त्याचंच म्हणणं मोठं करून सांगतात.

म्हणूनच मला मार्शलची गोष्ट इतकी आवडते. १९६२च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर बासमनचं सर्किट समोर ठेवून आपला ॲम्प्लिफायर उभा केला. पहिल्या जागी १२एवाय७च्या ऐवजी ईसीसी८३ हा व्हॉल्व्ह आला. वर्धनांक ४५च्या आसपास होता, तो १०० झाला. स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मरही वेगळे होते. रॉकचा खरखरीत आवाज अशा बदलांतून घडला.

महागड्या कॅपॅसिटरांवर पैसे घालवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. किंमत नव्हे, मायक्रोफॅरडचा आकडा बदला. उरलेल्या पैशांत चांगला स्पीकर घ्या.

आणि झाकण उघडणार असाल तर एवढं कराच: प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट टिकून असू शकतात. रेझिस्टर लावून ते उतरवा, मीटरवर शून्य पाहा, मगच आत हात घाला.