थकाली ताट

नेपाळमधल्या पाटणला दरबार चौकामागच्या गल्लीत आज थकाली जेवण जेवलो. काशाच्या ताटात भात, काळ्या उडदाची डाळ, मोहरीची भाजी, मुळ्याचं लोणचं आणि गुंद्रुक. गुंद्रुकसाठी हिरवा पाला आंबवून वाळवायचा, म्हणजे ताजी भाजी नसते तेव्हा डोंगरातल्या घरांची सोय होते. आंबटसर, मला फार आवडलं. पण जीव जडला तो डाळीवर. मुस्तांगकडचा जिम्बू, कांद्याच्या कुळातली ही वाळवलेली पात, तुपात परतून वर ओतलेली! थकाली लोक काली गंडकीच्या खोऱ्यातले, तिबेटच्या मिठाचे जुने व्यापारी. त्या व्यापाराच्या वाटेवरच्या त्यांच्या खानावळी नावाजलेल्या. वाढणाऱ्या दिदी आग्रहाने भात वाढत होत्या. नेपाळला गेलात तर मोमोवर थांबू नका, एक दुपार या ताटासाठी राखून ठेवा.