सावलीतली कॉफी

आमच्या घरी सकाळ होते ती कॉफीच्या वासाने. गेल्या हिवाळ्यात भाचा मुक्कामाला आला. त्याने पेला हाती घेतला आणि विचारले, "मामा, ही सावलीतली का?" पापड उन्हात वाळवतात, यापलीकडे ऊन-सावलीचा मी कधी विचार केला नव्हता. मी गप्प बसलो. भाच्याला पक्षी पाहण्याचे भारी वेड. "माझ्याबरोबर चला, म्हणजे कळेल," म्हणाला, आणि मला मणिबेलीला घेऊन गेला.

मणिबेली म्हणजे नंदुरबार जिल्ह्याचे अगदी टोक. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली घरे गिळायला सुरुवात केली ती इथून, १९९३ साली. शूलपाणेश्वराचे जुने देऊळही त्या पाण्याखाली गेले. आमची होडी चालली होती आणि पाण्यातून वाळकी खोडे वर डोकावत होती. एकावर पाणकावळा पंख वाळवीत बसला होता. भाच्याची दुर्बीण मात्र काठावरच्या सागांत शोधत होती रानपिंगळा.

या छोट्या घुबडाची कथा मोठी नवलाची आहे. १८८४ साली खानदेशात त्याचा नमुना मिळाला. पुढे ११३ वर्षे तो कोणाला दिसला नाही. मध्यंतरी कर्नल माइनर्ट्झहागेन नावाच्या गृहस्थाने जुना नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर १९१४ ची खोटी चिठ्ठी डकवली. शोधणारे त्यामुळे भलतीकडेच हिंडले! ती लबाडी उघडकीस आणणाऱ्या पामेला रासमुसेनबाई आणि त्यांचे दोन सोबती यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ दिसला; दिवसाढवळ्या, उघड्या फांदीवर. घरट्याला त्याला झाडाची ढोली लागते. झाड नाही, तर तोही नाही.

आम्हाला काही तो दिसला नाही. होडीवाला म्हणाला, "माणसाला दुसरीकडं जमीन दिली, साहेब, कोणाला मिळाली, कोणाला नाही. पाखराला कोण देणार?"

परतताना भाच्याने कॉफीचे कोडे उलगडले. मणिबेलीत कॉफी नाही. पण याच सातपुड्याच्या रांगांत, पूर्वेला, चिखलदऱ्यास कॉफी होते, आणि तिथल्या मेळघाटात रानपिंगळाही आहे. कॉफीचे झाड मूळचे रानातल्या सावलीचे. चिकमगळूर-कोडगूत ते उंच झाडांखालीच वाढवत आले. अमेरिका खंडात मात्र १९७० नंतर पुष्कळ मळेवाल्यांनी जास्त पिकासाठी वरची झाडे तोडली. पीक वाढले, खते-औषधे वाढली, पाखरे गेली. सावलीच्या मळ्यात पाखरे कीड टिपतात, गळलेल्या पाल्याचे खत होते. तरी सगळी सावली सारखी नव्हे. नुसता सिल्व्हर ओक लावला तर लाकूड मिळेल. पण तांबटाला नि धनेशाला फळ कुठले? त्यांना वड-उंबरच हवेत.

"मळा म्हणजे रान नव्हे, मामा," भाचा म्हणाला. "रानपिंगळा काही तिथे बिऱ्हाड थाटणार नाही. पण उघड्या माळापेक्षा झाडांचा मळा पुष्कळ पाखरांना तारतो."

घरी आल्यावर दुकानदाराला विचारले, "कॉफी सावलीतली का?" तो म्हणाला, "साहेब, आपल्या दुकानात ऊन येतंच कुठं?" आमच्या सौ.ना अजून त्याचे हसू येते.

पण मी दर खेपेस विचारतो. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर दुकानदार व्यापाऱ्याला विचारील, व्यापारी मळेवाल्याला. मणिबेलीच्या पाण्याखाली गेलेले उंबर माझ्या पेल्याने परत यायचे नाहीत. होडीवाल्याला द्यायला माझ्यापाशी उत्तरही नाही. मात्र जे उंबर अजून उभे आहेत, त्यांच्यासाठी यंदा फराळानंतरची कॉफी घेताना तुम्हीही एवढे विचारून पाहा.